रेसिंग कारचं 'हँडलिंग' म्हणजे नक्की काय? इटलीच्या तीन इंजिनिअरांची गोष्ट

मोबाईलवर कुठलाही कार रेसिंग गेम उघडा. गाडी निवडताना तिच्याखाली चार पट्ट्या दिसतात: टॉप स्पीड, ॲक्सिलरेशन, ब्रेकिंग आणि हँडलिंग. पहिल्या तीन लगेच कळतात. चौथीचं एवढंच माहीत असतं की ती भरलेली असली की गाडी वळणावर ऐकते आणि रिकामी असली की थेट भिंतीत जाते. पण खऱ्या गाडीत ही पट्टी भरते कशाने?

टायर, सस्पेन्शन ही उत्तरं आहेतच. पण त्याआधी एक साधा प्रश्न येतो: गाडीतलं वजन ठेवलंय कुठे? इटालियन रेसिंग कार म्हटलं की आपण इंजिनाचा आवाज आणि लाल रंग याबद्दल बोलतो. प्रत्यक्षात तिथल्या काही इंजिनिअरांनी या एका प्रश्नासाठी वर्षानुवर्षं डोकं खपवलं. चला, तेच समजून घेऊया.

आधी एक घरगुती प्रयोग

झाडूचा दांडा किंवा एखादी काठी घ्या. पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या तिच्या दोन टोकांना बांधा. काठी मधोमध धरून पटकन डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा. हात भरून येतो. आता त्याच बाटल्या सरकवून मुठीच्या अगदी जवळ आणा आणि पुन्हा फिरवा. वजन तेवढंच, दोन किलो, पण काठी सहज फिरते.

फिजिक्सच्या पुस्तकात याला 'मोमेंट ऑफ इनर्शिया' म्हणतात. यात अंतराचा वर्ग येतो, हे महत्त्वाचं. समजा, गाडीतला ४० किलोचा एक भाग मध्यापासून २ मीटरवर आहे: ४० × २ × २ = १६०. तोच भाग १ मीटरवर आणला तर ४० × १ × १ = ४०. एक ग्रॅमही कमी न करता, त्या भागाचा गाडी वळवायला होणारा विरोध एक चतुर्थांशावर आला.

रेसिंग कार म्हणजे अशीच एक काठी आणि इंजिन, गिअरबॉक्स, इंधन, ड्रायव्हर या तिच्या बाटल्या.

पहिलं उत्तर: पेट्रोल बाजूला घ्या

व्हित्तोरिओ यानो हे तूरिन परिसरातले. आधी फियाटमध्ये होते, १९२३ मध्ये आल्फा रोमिओत आले. त्यांना तिथे आणण्यात एन्झो फेरारींचा हात होता. यानोंच्या पी२ गाडीने १९२५ ची पहिली जागतिक स्पर्धा आल्फाला जिंकून दिली. पुढे ते लान्चिया कंपनीत गेले आणि तिथे त्यांनी १९५४ साली डी५० ही गाडी आणली.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे आणि पेट्रोलची टाकी शेपटीत. शर्यती तासन् तास चालायच्या, त्यामुळे इंधन भरपूर लागायचं. २०० लिटर पेट्रोल धरलं तरी वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. सुरुवातीला हे सगळं वजन मागच्या टोकाला लटकलेलं आणि शेवटी टाकी रिकामी. म्हणजे ड्रायव्हर एक गाडी घेऊन निघायचा आणि भलतीच गाडी घेऊन पोहोचायचा!

यानोंनी टाक्या उचलून गाडीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागेत बसवल्या. इंधन संपत गेलं तरी पुढच्या-मागच्या वजनाचा तोल फारसा बदलत नव्हता. इंजिन त्यांनी थोडं तिरकं ठेवलं, म्हणजे मागे जाणारा शाफ्ट ड्रायव्हरच्या खालून न जाता बाजूने गेला आणि सीट खाली बसवता आली. शिवाय इंजिनालाच चेसिसचा भाग बनवलं. त्यामुळे वेगळा जड सांगाडा लागला नाही.

पहिल्याच शर्यतीत, बार्सिलोनातल्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये, आल्बेर्तो आस्कारीने डी५० पोल पोझिशनवर नेली. क्लचने मात्र दगा दिला. १९५५ च्या मे महिन्यात मोंझाला दुसऱ्या एका गाडीची चाचणी घेताना आस्कारीचा मृत्यू झाला. लान्चिया आधीच पैशांच्या अडचणीत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये सगळ्या डी५० फेरारीकडे सोपवल्या गेल्या.

१९५६ मध्ये हुआन मान्युएल फांजिओ याच गाडीवर विश्वविजेता झाला, पण गंमत बघा: तोपर्यंत फेरारीने इंधन पुन्हा शेपटीकडे नेलं होतं. का? कारण जी गाडी पटकन वळते ती पटकन गरकतेही. डी५० हद्दीच्या जरा पुढे गेली की अचानक फिरायची, ड्रायव्हरला सावरायला वेळच मिळायचा नाही. थोडक्यात, हँडलिंगची पट्टी पूर्ण भरली की ड्रायव्हरची चूक माफ होत नाही. गेममध्ये ही किंमत दाखवत नाहीत.

दुसरं उत्तर: इंजिन मागे न्या

एन्झो फेरारींचा जीव इंजिनात. इंजिन पुढेच हवं, कारण बैल गाडी ओढतात, ढकलत नाहीत, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं सांगितलं जातं. बैलगाडीपुरतं ते खरं आहे. पण १९५९ आणि १९६० मध्ये कूपर या छोट्या ब्रिटिश कंपनीच्या गाडीने जॅक ब्रॅबहमला लागोपाठ दोनदा विश्वविजेता केलं. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे होतं. सगळ्यात जड वस्तू गाडीच्या मध्याकडे आली. ड्रायव्हरजवळून जाणारा लांब शाफ्ट गेला, सीट खाली आली, नाक निमुळतं झालं.

फेरारीत हा बदल केला कार्लो किती यांनी. (हो, आडनावाचा उच्चार 'किती' असाच!) त्यांची १५६ ही गाडी १९६१ मध्ये आली. तिच्यातल्या व्ही६ इंजिनाच्या दोन बाजूंमध्ये १२० अंशांचा कोन होता. 'व्ही' जितका पसरट, तितकं इंजिन बुटकं आणि वजन जमिनीच्या जवळ. फिल हिल त्या वर्षी विश्वविजेता झाला. पण वर्षाअखेरीस अंतर्गत भांडणातून किती आणि त्यांचे अनेक वरिष्ठ सहकारी कंपनी सोडून गेले.

तांत्रिक जबाबदारी पडली माउरो फोर्गिएरी या मोदेनाच्या तरुणावर. वय २६ वर्षं.

तिसरं उत्तर: गिअरबॉक्स आडवा करा

मधे बरीच वर्षं गेली. १९७० पासून फेरारीकडे फोर्गिएरींचं सपाट १२ सिलिंडरचं इंजिन होतं. 'व्ही'चा कोन थेट १८० अंश, म्हणजे सिलिंडर जमिनीला समांतर झोपलेले. वजन अगदी खाली आणि मागच्या विंगकडे जाणारी हवा मोकळी.

राहता राहिला गिअरबॉक्स. तो नेहमी गाडीच्या लांबीच्या दिशेने, मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकायचा. काठीच्या टोकाची बाटलीच ती. फोर्गिएरींनी तो आडवा केला आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे, इंजिनाला लागून बसवला. गाडीचं नाव ३१२ टी: ३ लिटर, १२ सिलिंडर आणि टी म्हणजे 'त्रासव्हेर्साले', इटालियनमध्ये आडवा.

१९७५ मध्ये निकी लाउडा या गाडीवर विश्वविजेता झाला. टी मालिकेने १९७५, १९७६, १९७७ आणि १९७९ अशी चार वर्षं संघाचं विजेतेपद आणलं.

आणि मग नियम नाही, हवाच बदलली

१९७७ च्या सुमारास ब्रिटनच्या लोटस संघाने गाडीच्या दोन्ही बाजूंना, पोटाखाली खास आकाराचे बोगदे केले. अरुंद जागेतून हवा वेगाने गेली की तिचा दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याकडे खेचली जाते. याला 'ग्राउंड इफेक्ट' म्हणतात. वजन न वाढवता टायरवरचा दाब वाढला, म्हणजे वळणावर जवळपास फुकटची पकड.

फेरारी इथेच अडकली. बोगदे जिथे हवे होते, नेमकं तिथेच त्या झोपलेल्या इंजिनाचे सिलिंडर पसरले होते. इंजिन बुटकं होतं म्हणून रुंद होतं आणि रुंद होतं म्हणून हवेच्या वाटेत आलं. १९७९ मध्ये दणकट इंजिन आणि भरवशाच्या गाडीच्या जोरावर जॉडी शेक्टर विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, फेरारीला अख्ख्या सीझनमध्ये फक्त ८ गुण मिळाले. कॅनडाच्या शर्यतीत तर विश्वविजेता शेक्टर पात्रही ठरला नाही.

इंजिन बिघडलं नव्हतं. फोर्गिएरींचं गणितही चुकलं नव्हतं. प्रश्नच बदलला होता. 'वजन कुठे ठेवायचं' याच्या आधी आता 'हवा कुठून जाऊ द्यायची' हा प्रश्न आला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. एका गृहीतकावर घासूनपुसून चकाचक केलेला कोड, गृहीतक बदललं की सगळ्यात आधी तोच अडतो.

फेरारीने १९८१ मध्ये ते इंजिन बाजूला ठेवून टर्बो व्ही६ आणलं. फोर्गिएरी तेव्हाही तिथेच होते. १९८२ आणि १९८३ मध्ये संघाचं विजेतेपद परत आलं. ड्रायव्हरच्या विजेतेपदासाठी मात्र २००० सालापर्यंत, मायकल शूमाखरची वाट पाहावी लागली.

तुमच्या कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटची टीम असेल तर एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांची गाडी बघा. किती हॉर्सपॉवर, हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा: टाकी कुठे आहे, ड्रायव्हर किती खाली बसतो, आणि चाकांच्या बाहेर काय काय लटकतंय?