चाकाची खुर्ची व स्वावलंबी जीवन

चाकाची खुर्ची व स्वावलंबी जीवन : चालण्याची शक्ती अंशतः वा पूर्णतः गमावलेल्या व्यक्तीला बसल्या स्थितीत हालचाल करता यावी, यासाठी चाके बसविलेल्या आसनास चाकाची खुर्ची म्हणतात. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस झालेली इजा, पोलिओ, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा ऱ्हास, संधिवात, पाय गमावणे व वार्धक्य ही तिचा वापर करावा लागण्याची प्रमुख कारणे होत. जगात सु. ८ कोटी लोकांना अशा खुर्चीची गरज आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत अपंगांची संख्या सु. २.६८ कोटी नोंदली गेली. त्यांपैकी सु. ५४ लाख व्यक्ती हालचालीच्या दृष्टीने अपंग होत्या. यांतील सर्वांनाच खुर्ची लागते असे नाही. तथापि ज्यांना ती लागते, त्यांचे शिक्षण, उपजीविका, विवाह, प्रवास व नागरिकत्व ही सर्व त्या खुर्चीशी व तिच्या वाटेतील अडथळ्यांशी निगडित असतात.

स्वावलंबन म्हणजे प्रत्येक काम स्वतःच्या हातांनी करणे नव्हे. केव्हा उठावे, कोठे जावे, काय शिकावे, कोणाबरोबर राहावे आणि मदत कोणाची व कशी घ्यावी, हे स्वतः ठरविता येणे हा त्याचा खरा आशय होय. पोलिओमुळे मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या एड रॉबर्ट्‌स (१९३९–९५) यांनी अमेरिकेतील बर्कली येथे १९७२ मध्ये सहकाऱ्यांसह स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन केले, तेव्हा त्यांनी हाच अर्थ पुढे मांडला. दोष व्यक्तीच्या शरीरात नसून पायऱ्यांत, अरुंद दारांत व समाजाच्या समजुतींत आहे, हा विचार त्या चळवळीतून रूढ झाला.

इतिहास : आजारी माणसास चाकाच्या आसनावरून नेण्याची पद्धत प्राचीन आहे, परंतु बसणाऱ्याने स्वतः चालवावयाची खुर्ची बरीच अलीकडची होय. जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळ राहणाऱ्या श्टेफान फार्फ्लर या अपंग घड्याळजीने १६५५ च्या सुमारास हाताने दांडा फिरवून चालणारी तीनचाकी स्वतःसाठी तयार केली. खाणीतील अपघातात अधरांगघात (कमरेखालील भाग लुळा पडणे) झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट व त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत घडी घालता येणारी, धातूच्या नळ्यांची हलकी खुर्ची बनविली. ती मोटारीत ठेवता येत असल्यामुळे अपंग व्यक्तीस घराबाहेरचे जग खुले झाले. या दोन्ही सुधारणांमागे स्वतः गरज भोगणारी माणसे होती, हे लक्षणीय आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूस इजा झालेले बहुतेक रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे थोड्याच काळात दगावत. लुटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ पासून रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलणे, मूत्राशयाची काळजी घेणे, व्यायाम व काम देणे ही पद्धत सुरू केली. १९४८ मध्ये त्यांनी तेथे भरविलेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेत १६ स्पर्धक होते. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक क्रीडास्पर्धांचा उगम झाला.

रचना व वापर : हाताने चालवावयाच्या खुर्चीस मागे सु. ६० सेंमी. व्यासाची दोन मोठी चाके व पुढे सर्व दिशांना वळणारी दोन लहान चाके असतात. मोठ्या चाकांना लगटून बसविलेली कडी हातांनी ढकलून खुर्ची चालविली जाते. आसनाची रुंदी बसणाऱ्याच्या कमरेपेक्षा किंचितच अधिक असावी. फार रुंद खुर्चीत शरीर एका बाजूस कलते आणि कणा वाकडा होतो. पायटे योग्य उंचीवर नसल्यास सर्व भार नितंबांच्या हाडांवर येतो. रुग्णालयात ने-आण करण्यासाठी केलेली एकाच मापाची खुर्ची कायम वापरणाऱ्यास म्हणूनच अपायकारक ठरते.

संवेदना नसलेल्या त्वचेस दाबाची जाणीव होत नाही. त्यामुळे गादी वापरणे, दर १५ ते ३० मिनिटांनी हातांच्या जोरावर शरीर क्षणभर उचलणे किंवा पुढे झुकणे आणि रोज आरशाच्या साहाय्याने त्वचा तपासणे आवश्यक असते. ठराविक वेळी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करणे, शौचाची वेळ बांधून घेणे आणि पलंगावरून खुर्चीत गुळगुळीत फळीवरून सरकणे ही कौशल्ये शिकल्यास व्यक्ती दिवसभर घराबाहेर राहू शकते. ज्यांच्या हातांत पुरेसे बळ नाही, त्यांच्यासाठी विजेरीवर चालणाऱ्या खुर्च्या असतात. मद्रासच्या आय. आय. टी.तील संशोधनातून २०२० मध्ये वापरणाऱ्याच्या मापाची ‘निओफ्लाय’ ही खुर्ची व तिला जोडावयाचे ‘निओबोल्ट’ हे विजेरीवरील वाहन तयार झाले.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. पुण्याजवळील खडकी येथे १९७४ मध्ये स्थापन झालेले अधरांगघात पुनर्वसन केंद्र हे मज्जारज्जूस इजा झालेल्या सैनिकांचे निवासस्थान आहे. मूळचे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. त्यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील हायडल्‌बर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मी. पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. बालपणी पोलिओ झालेले व चाकाच्या खुर्चीवरून वैद्यकीय व्यवसाय करणारे मुंबईचे कर्करोगतज्ञ सुरेश अडवाणी यांनी भारतातील अस्थिमज्जारोपणाचा पाया घातला. त्यांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

चाकाच्या खुर्चीवरील जीवनाचा विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्यात कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा जन्म १९५० मध्ये सोलापूर येथे झाला. शालेय शिक्षण संपत असतानाच त्यांना अधरांगघात झाला. स्वतः खुर्चीवर असूनही स्वतंत्रपणे वावरणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची भेट त्यांना दिशा देणारी ठरली. पुढे त्यांनी शिक्षण पूर्ण करून केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली व १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापूर येथे स्थापन केली. संस्थेचे ‘घरौंदा’ हे वसतिगृह व समर्थ विद्यामंदिर ही शाळा अडथळाविरहित बांधणीची आहेत. तेथे अपंग व धडधाकट मुले एकत्र शिकतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात संस्थेने काजू प्रक्रियेचा उद्योग उभारून अपंगांना रोजगार दिला. ‘चाकाची खुर्ची’ हे हुरजूक यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. वसतिगृह, शाळा व रोजगार या तिन्हींची साखळी एकत्र जोडल्याशिवाय केवळ खुर्ची देऊन पुनर्वसन होत नाही, हे या कार्यातून स्पष्ट झाले.

ग्रामीण परिस्थिती : शहरातील संस्थांचा लाभ दूरच्या गावांना सहजासहजी मिळत नाही. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा यासारख्या, वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीच्या प्रदेशात अडचणींचे स्वरूप वेगळे असते. पावसाळ्यात ओल्या मातीत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात आणि भाताच्या बांध्यांमधील धुऱ्यांवरून खुर्ची नेता येत नाही. त्यामुळे अशा भागात हाताने चालवावयाची तीनचाकी सायकल अधिक उपयोगी पडते. परंतु ती घरात शिरत नाही व माणूस घरात पुन्हा जमिनीवर सरपटत वावरतो. एकास बाहेरचे व आतले अशी दोन साधने लागतात, हे वाटपाच्या वेळी ध्यानात घेतले जात नाही. पुढे लांब धुऱ्यावर एकच मोठे चाक असलेली तीन चाकांची खुर्ची खडबडीत वाटेवर अधिक स्थिर राहते.

घरातील बदल मात्र फार खर्चिक नसतात. उतरणीचा चढ १ : १२ या प्रमाणापेक्षा तीव्र नसावा. म्हणजेच ४५ सेंमी. उंचीच्या जोत्यास ५.४ मी. लांबीची उतरण लागते. दार सु. ९० सेंमी. रुंद असावे, उंबरठा काढावा व खुर्ची वळण्यास १५० सेंमी. व्यासाची जागा मोकळी ठेवावी. चूल किंवा शेगडी गुडघे खाली जातील अशा ओट्यावर असल्यास स्वयंपाक बसल्या जागी करता येतो. सर्वांत निर्णायक बाब शौचालयाची आहे. बैठे भांडे, भिंतीला घट्ट आधारदांडे व खुर्ची आत जाईल असे दार यांच्या अभावी अनेक व्यक्ती, विशेषतः स्त्रिया, दिवसभर पाणी कमी पितात व त्यातून मूत्रविकार ओढवतात. शाळा सुटण्याचेही हे एक कारण ठरते. एस. टी. प्रवासात भाड्याची सवलत मिळते. परंतु गाडीच्या उंच पायऱ्या सवलतीने कमी होत नाहीत.

कायदा व शासकीय साहाय्य : भारतात अपंग व्यक्तींसाठी १९९५ मध्ये पहिला व्यापक कायदा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यास अनुसरून झालेल्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, शासकीय नोकऱ्यांत किमान ४% जागा राखल्या आणि सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घातले. तथापि सुगमतेचे मानदंड केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे राहिल्याने संबंधित नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरविला व बंधनकारक नियम करण्याचा आदेश दिला. कानपूर येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले कृत्रिम अवयव निर्मिती महामंडळ खुर्च्या व तीनचाक्या बनविते. केंद्राच्या १९८१ पासूनच्या साहाय्य योजनेतून त्या पात्र व्यक्तींना दिल्या जातात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५% भाग या कामी खर्च करावा, असा राज्य शासनाचा आदेश आहे. ग्रामपंचायतीचे उत्पन्न थोडे असले, तरी शाळा, दवाखाना व पंचायतीचे कार्यालय यांपुढील उतरणी व एक सुगम शौचालय यांसाठी असा निधी उपयोगी पडू शकतो. ग्रामसभेत प्रत्यक्ष येऊन या खर्चाबद्दल विचारणा करता येणे, ही खुर्चीवरील व्यक्तीच्या स्वावलंबनाची एक महत्त्वाची पायरी होय. त्यासाठी सभेची जागा पायऱ्यांविना असणे ही पहिली गरज आहे.