उत्पन्न खरेच वाढले का? लाउंड्स काउंटीचा धडा

अमेरिकेतील अलाबामा राज्यात लाउंड्स नावाची ग्रामीण काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे प्रशासकीय एकक. पण लाउंड्सची लोकसंख्या जेमतेम 10 हजार. 1965 च्या सुरुवातीला येथील बहुसंख्य कृष्णवर्णीयांपैकी एकाचेही नाव मतदार यादीत नव्हते. नाव नोंदवणाऱ्या कुळांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले आणि त्यांना तंबूत राहावे लागले. तरीही 1966 च्या निवडणुकीत ते काळ्या पँथरचे चिन्ह घेऊन स्वतःच्या पक्षातर्फे उभे राहिले. हेच चिन्ह पुढे ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने घेतले आणि त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

मत मिळाले. पण घरात येणारा पैसा वाढला का? हे कसे ठरवतात, ते आपण समजून घेऊ, कारण हाच प्रश्न आपल्या वस्त्यांचाही आहे.

सरासरी नको, मध्यक हवा

समजा, एका वस्तीत पाच घरे आहेत. महिन्याचे उत्पन्न 6, 8, 9, 11 आणि 66 हजार रुपये. सरासरी येते 20 हजार. पण पाचपैकी चार घरांनी 20 हजार कधी पाहिलेलेच नाहीत! उत्पन्ने चढत्या क्रमाने लावून मधले घर पाहिले तर मध्यक येतो 9 हजार. नोकरीवाल्या एका घरामुळे सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही.

आकडा येतो कुठून?

2000 पर्यंत अमेरिकेच्या दशवार्षिक जनगणनेत साधारण सहापैकी एका घराला लांब प्रश्नावली दिली जाई. तिच्यात मागील वर्षाचे उत्पन्न विचारत. त्यानुसार 1999 साली लाउंड्सचा कौटुंबिक मध्यक सुमारे 23 हजार डॉलर होता. 2005 पासून हे काम अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे दरवर्षी करतो. मात्र 65 हजारांपेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत एका वर्षाचा नमुना अपुरा पडतो. म्हणून तेथे पाच वर्षांची माहिती एकत्र करून आकडा देतात. शिवाय जनगणना खाते या सर्वेक्षणाला प्राप्तिकराच्या नोंदी आणि अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची संख्या जोडून प्रत्येक काउंटीचा वार्षिक अंदाजही काढते.

तुलना करताना तीन खबरदाऱ्या

पहिली, महागाई. 1999 मधले 23 हजार डॉलर म्हणजे 2010 मधले सुमारे 30 हजार. म्हणजे 2010 मध्ये कुणाचे उत्पन्न 26 हजार असेल, तर कागदावर वाढ दिसते, पण प्रत्यक्षात ते घर खाली आले आहे.

दुसरी, कालखंड. 2010–14 आणि 2011–15 या आकड्यांत चार वर्षे सामाईक आहेत. त्यांची तुलना करून कल सांगता येत नाही. 2006–10 आणि 2011–15 अशी वेगळी पंचके घ्यावीत.

तिसरी, चुकीची मर्यादा. समजा, आकडा 30 हजार, अधिक-उणे 4 हजार. पुढचा 33 हजार, अधिक-उणे 4 हजार. दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज करा आणि तिचे वर्गमूळ काढा: सुमारे 5,700. फरक आहे फक्त 3 हजारांचा. म्हणून ‘उत्पन्न वाढले’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

यानंतरही एक प्रश्न उरतोच: वाढले ते कुणाचे? तेथील सर्वेक्षण कुटुंबप्रमुखाच्या वंशानुसार वेगळा मध्यकही देते. तो पाहिल्याशिवाय काउंटीचा एकच आकडा विषमता झाकून ठेवतो.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न जाहीर होते. ती सरासरी आहे. कारखान्याचे उत्पादन आणि शेतमजुराची मजुरी तीत एकाच माळेत ओवली जाते. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत ग्रामीण घरातील सर्वाधिक कमावत्या व्यक्तीचे मासिक उत्पन्न विचारले, तेही 5 हजारांहून कमी, 5 ते 10 हजार आणि 10 हजारांहून जास्त अशा तीन गटांत. यावरून घराच्या एकूण उत्पन्नाचा मध्यक निघत नाही.

म्हणून वस्तीत सर्वेक्षण करणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे: घरातील प्रत्येक कमावत्याचे उत्पन्न लिहा. हंगामी मजुरी, ऊसतोडीची उचल आणि शहरातून येणारे पैसे वेगळे नोंदवा. उचल हे कर्ज आहे, ती उत्पन्नात दोनदा मोजू नका. किती घरे गाठली आणि किती सुटली, तेही लिहा. पाच वर्षांनी तेच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारा.

निवेदन घेऊन तहसील कार्यालयात गेल्यावर ‘तुमच्या लोकांचे आता बरे चालले आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. त्याला रागाने उत्तर देता येते, पण टिकते ते मोजून दिलेले उत्तर. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे फक्त जयंतीच्या भाषणापुरते राहू नये.

जय भीम!