सायकलचा सांगाडा मापात कसा बसतो? हातबांधणीच्या फ्रेमविषयी महिला सायकलपटूंना वाटणारे कुतूहल

पद्मनाभपूर (दुर्ग-भिलाई, छत्तीसगड) : भिलाईच्या पोलाद कारखान्यात १३० मीटर लांबीचा रेल्वे रूळ एकसंध लाटला जातो. याच जोडशहरातील पद्मनाभपूरसारख्या वसाहतीत पाच फूट उंचीच्या एखाद्या स्त्रीने स्वतःच्या मापाची सायकल मागितली, तर देशातील इतर शहरांप्रमाणेच तिलाही लहान, मध्यम आणि मोठे एवढ्या तीनच मापांतून निवड करावी लागते. बहुतेकदा लहान मापही तिला मोठेच पडते. लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाकडे वळणाऱ्या स्त्रिया सायकलची फ्रेम हाताने कशी बांधतात, याची चौकशी करू लागल्या आहेत, त्यामागे हेच कारण आहे.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये, वयाच्या विशीत, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये लेह ते मनाली हे अंतर ५५ तास १३ मिनिटांत पार केले. २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत कापण्याच्या ‘ब्रेव्हे’ फेऱ्यांतही स्त्रिया उतरतात. बाजारहाटापुरत्या सायकलीत दोन सेंटिमीटरचा फरक जाणवत नाही. दहा तासांच्या बैठकीत मात्र तोच फरक मानेत, मनगटात आणि कमरेत उतरतो, तळहात बधिर होतात. ‘सवय नाही’ असे म्हणून या तक्रारींची बोळवण केली जाते. दोष पुष्कळदा शरीराचा नसून दांडीच्या लांबीचा असतो.

भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीची फ्रेम २२ किंवा २४ इंची आणि चाक २८ इंची असे. ती बांधली गेली पुरुषासाठी, तेही उंच पुरुषासाठी. स्त्रियांसाठी वरची दांडी खाली वळवलेली ‘लेडीज सायकल’ आली, पण ती सोय साडी-परकराची होती, मापाची नव्हे. छत्तीसगडमध्ये सरस्वती सायकल योजनेतून नववीच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि अनेकींची शाळा त्यामुळे जवळ आली, हे खरेच. तरीही त्या सायकलींमध्ये चार फूट आठ इंचांची मुलगी आणि पाच फूट चार इंचांची मुलगी यांच्यासाठी वेगळा विचार नसतो.

माप चुकते कुठे, हे समजण्यासाठी सांगाड्याची रचना पाहावी लागेल. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. तिच्यातून पुढे जो चौकटीचा आकार रूढ झाला, तो आजही मुळात तसाच आहे. सीटखालची नळी, वरची दांडी, खालची तिरकी दांडी आणि हँडल धरणारी आखूड नळी मिळून पुढचा त्रिकोण होतो, तर मागच्या चाकाला धरणाऱ्या बारीक नळ्यांचा मागचा त्रिकोण होतो. स्वाराच्या शरीराची ओढाताण ठरते ती मुख्यतः वरच्या दांडीच्या लांबीवरून. मग ती दांडी आखूड केली की काम झाले, असे वाटेल. अडचण पुढच्या चाकाची आहे. चाक मोठेच ठेवून दांडी आखूड केली, तर वळताना पायाचा चवडा चाकाला लागतो. ते टाळण्यासाठी कारखाने हँडलची नळी अधिक कलती आणि सीटची नळी अधिक उभी करतात. कागदावर दांडी आखूड दिसते. पण उभ्या नळीमुळे सीट पुढे येते, स्वार ते पुन्हा मागे सरकवते आणि वाचवलेले अंतर परत जाते. कोष्टकातला ‘लहान आकार’ अनेकदा असा फसवा असतो.

या पेचावर नेमका उपाय शोधला तो अमेरिकेतील यंत्र अभियंता जॉर्जीना टेरी यांनी. स्वतः फ्रेम बांधायला शिकून त्यांनी १९८५ मध्ये स्त्रियांच्या सायकलींची कंपनी सुरू केली. त्यांच्या लहान मापाच्या सायकलीत मागचे चाक नेहमीचे, पण पुढचे फक्त २४ इंची होते. चाक लहान होताच दांडी खरोखर आखूड करता आली आणि कोनही बिघडले नाहीत. दिसायला ही सायकल विचित्र होती, तरी ती खपली. स्त्रियांचे पाय लांब आणि धड आखूड असते, हा त्या काळचा सिद्धान्त मात्र पुढे सरसकट टिकला नाही. दोन स्त्रियांच्या मापांतील फरक स्त्री-पुरुषांच्या सरासरी फरकापेक्षा मोठा असू शकतो. म्हणूनच गुलाबी रंगाची ‘महिलांची सायकल’ हे काही उत्तर नव्हे. माप त्या एका व्यक्तीचे घ्यायला हवे, आणि हाताने बांधणाऱ्याला तेच जमते.

बांधणीची सुरुवात शरीराच्या मापांपासून होते. पायांची आतली उंची, धड, हात आणि खांद्यांची रुंदी मोजून पूर्ण आकाराचे रेखाचित्र काढले जाते. मग त्या मापाच्या पोलादी नळ्या कापतात. प्रत्येक नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसेल असे अर्धगोल कानशीने घासतात. हे काम कंटाळवाणे, पण निर्णायक असते. फट राहिली तर सांधा ती कधीच विसरत नाही. नळ्या साच्यात घट्ट धरून नंतर झाळकाम होते. पितळाची कांडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला वितळते, चांदीमिश्रित कांडी त्याहून बरीच कमी तापमानाला. पोलाद वितळायला १,५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे नळी शाबूत राहते आणि वितळलेला धातू बारीक फटीत केशाकर्षणाने आपोआप ओढला जातो. टाकणखारासारखा द्राव लावून तापलेला पृष्ठभाग स्वच्छ ठेवतात. आपला सोनार दागिना झाळतो तो याच तत्त्वावर. लंडनच्या फ्रेमकार कॅरेन हार्टली या मुळात दागिने आणि धातुशिल्पाच्या क्षेत्रातून या कामाकडे वळल्या, यात नवल नाही. थंड झालेली चौकट शेवटी सपाट ओट्यावर ठेवून सरळ आहे की नाही, हे तपासतात.

नळीची निवड हा या कलेतला सर्वांत रोचक भाग आहे. १८९७ मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. चांगल्या नळीची भिंत आजही टोकाला ०.८ आणि मध्ये ०.५ मिलिमीटर असू शकते, कारण ताण सांध्यांवर अधिक असतो. व्यास २५.४ वरून २८.६ मिलिमीटर केला, तर भिंत तेवढीच ठेवूनही ताठपणा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. कारखान्यातील एकच नळी ५० किलोच्या आणि ९० किलोच्या स्वारालाही वापरली जाते. हलक्या वजनाच्या स्त्रीला ती नाहक ताठ पडते आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा हाडांपर्यंत पोहोचतो. फ्रेमकार तिच्यासाठी बारीक किंवा पातळ नळी निवडू शकतो. भिलाईचा मुख्य माल रूळ, जाड पत्रे, सळ्या आणि तारा हा आहे. सायकलच्या नळीला लागते ती पातळ पट्टी, त्यामुळे पोलादाच्या गावातही या नळ्या सहज मिळत नाहीत.

बांबू मात्र दारात आहे. निवृत्त विंग कमांडर शशिशेखर पाठक यांनी पुण्यात ‘बांबूची’ या नावाने बांबूच्या फ्रेमच्या सायकली घडवल्या. घानामध्ये बर्निस दापा यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पात गावातल्या स्त्रियाच बांबूच्या फ्रेम बांधायला शिकल्या. वाळवलेला बांबू मापाने कापून सांध्यांवर राळेत भिजवलेले तंतू गुंडाळतात. इथे वितळवायचे काही नसते, त्यामुळे भट्टीही लागत नाही. नीट न वाळलेला बांबू पुढे तडकतो, ही यातली खरी जोखीम आहे. बस्तर, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलांत मिळणारा मानवेल जवळजवळ भरीव असतो, म्हणून मजबूत, पण जडही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात आसपासच्या स्त्रिया बांबूकाम शिकतात. कानस, करवत आणि मोजपट्टी या तीन वस्तूंशी त्यांची ओळख आधीच आहे.

हातबांधणीची फ्रेम महाग असते, कारण एका माणसाचे अनेक दिवस तिच्यात जातात. ती घेणे प्रत्येकीला परवडणार नाही. तरी बांधणी समजून घेतल्याचा फायदा तयार सायकल घेतानाही होतो. दुकानात इंचांतला आकार विचारण्याऐवजी वरच्या दांडीची आडवी लांबी आणि सीटच्या नळीचा कोन विचारावा. सायकलवर बसून पायडल आडवे ठेवावे, हँडल वळवावे आणि चवडा चाकाला लागतो का, ते तिथेच पाहून घ्यावे.