रक्त हटवून पाहताना

उल्हासनगरातल्या एका खासगी कॅथलॅबमध्ये मी गेलो ते स्टेंटच्या किमतींवर लिहायला. पण खिळलो काचेआडच्या पडद्यापाशी. तिथे बदलापूरहून रोज लोकलने येणाऱ्या तंत्रज्ञ ताई बसतात.

हृदयाच्या धमन्या पहिल्यांदा नीट दिसल्या त्या १९५८मध्ये, क्लीव्हलँडच्या मेसन सोन्स यांच्याकडून चुकून डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, थेट धमनीत गेला तेव्हा. १९७७मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी फुग्याने हृदयाची पहिली अरुंद धमनी उघडली. मात्र अँजिओग्राफीत दिसते ती डायची सावली. वाट किती उरली ते कळतं, भिंतीत काय साचलंय ते नाही.

ताईंच्या पडद्यावर ती भिंतच होती. ओसीटी या तपासणीत बारीक ऑप्टिकल फायबरमधून अवरक्त प्रकाश गोल फिरवत सोडतात आणि परतणाऱ्या प्रकाशावरून धमनीचा आडवा छेद उमटतो, मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका बारीक तपशील दाखवणारा. अडतं ते रक्तापाशी, कारण हा प्रकाश रक्तातून नीट जात नाही. म्हणून डाय जोराने सोडून रक्त क्षणभर हटवायचं आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत फायबर मागे ओढायचं. हा एक रन.

"सर, रन परत घेऊ या. मधे रक्त राहिलंय," ताई माइकवर म्हणाल्या.

दुसऱ्या रनमध्ये रेखीव कडांचा काळसर पट्टा दिसला. कॅल्शियम. ताईंनी मोजलं: जाडी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त, वेढा अर्ध्या वर्तुळापलीकडे. अँजिओत या कॅल्शियमचा काहीच संशय आला नव्हता. तसाच स्टेंट घातला असता, तर तो पुरता न उघडण्याची भीती होती, आणि अशा स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आधी कॅल्शियम फोडायचं ठरलं. मोजणाऱ्या त्या बोटांबद्दल मला फार आदर वाटला.

गुंतागुंतीच्या अँजिओप्लास्टीत असं आतून पाहावं, अशी ठाम शिफारस युरोपच्या हृदयरोग संघटनेने २०२४मध्ये केली. पण स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७मध्ये घातलेली मर्यादा ओसीटीचं फायबर नेणाऱ्या कॅथेटरला लागू नाही. त्याचा खर्च वेगळा. मूत्रपिंड अधू असेल तर जास्तीचा डायही जड जातो. तिथे ध्वनिलहरींचं आयव्हस कामी येतं. त्याला रक्त हटवावं लागत नाही, चित्र मात्र ढोबळ.

बाहेर बाकावर अंबरनाथचा एक मुलगा वडिलांची कागदपत्रं मांडीवर घेऊन हिशेब करत होता. "स्टेंट तर बसणारच आहे ना, मग आत बघायला वेगळे पैसे कशाला?" त्याने विचारलं. मी शेजारी बसलो आणि त्याला तो काळसर पट्टा वहीत काढून दाखवू लागलो.