शेकडोंचे भांडवल आणि दोनशेची अट

किल्लारीच्या एखाद्या तरुणाला डाळमिल काढायची असेल, तर पहिली अडचण भांडवलाची येते. बँक तारण मागते आणि धंदा बसला तरी हप्ता थांबत नाही. त्याऐवजी पाचशे जणांनी दोन-दोन हजार रुपये घालून नफ्या-तोट्यात भागीदार व्हायचे ठरवले, तर दहा लाख रुपये उभे राहतात. संकेतस्थळावरून अशा रीतीने असंख्य लहान गुंतवणूकदारांना समभाग विकण्याच्या पद्धतीला ‘इक्विटी क्राउडफंडिंग’ म्हणतात. भारतात ही वाट कायद्याने बंद आहे.

कंपनी कायदा, 2013च्या कलम 42 व त्याखालील नियमांनुसार खासगी समभागविक्रीचा देकार एका आर्थिक वर्षात दोनशेहून अधिक व्यक्तींना देता येत नाही; जाहिरातही करता येत नाही. त्यापुढे गेल्यास ती सार्वजनिक विक्री ठरते. मग माहितीपत्रक आले, शेअर बाजारातील नोंदणी आली आणि तिचा खर्चही आला. दहा लाखांच्या डाळमिलला तो कसा परवडावा?

ही कठोरता अकारण नाही. जुन्या कायद्यात मर्यादा पन्नास जणांची होती. तरीही सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी ‘खासगी’ म्हणवून सुमारे तीन कोटी लोकांकडून चोवीस हजार कोटींवर रक्कम गोळा केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2012 मध्ये ती परत करण्याचा आदेश दिला.

‘सेबी’ने जून 2014 मध्ये क्राउडफंडिंगविषयी चर्चापत्र काढले. कंपनीला वर्षाला दहा कोटींपर्यंत रक्कम उभारू द्यावी, असे त्यात सुचवले होते. सामान्य गुंतवणूकदारासाठी मात्र वार्षिक उत्पन्न किमान दहा लाख रुपये, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि एका कंपनीत कमाल साठ हजार रुपये अशा अटी होत्या. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने सोयाबीन आणि उसावर संसार चालवणारे कित्येक शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी ‘क्राउड’ हा शब्द आला, तेच दाराबाहेर! त्या चर्चापत्राचे नियम झाले नाहीत. ऑगस्ट 2016 मध्ये ‘सेबी’ने अनधिकृत संकेतस्थळांपासून सावध राहण्याचा इशाराच दिला.

अमेरिकेत मे 2016 पासून लागू झालेल्या नियमांनी वेगळा मार्ग धरला. तेथे कमी उत्पन्नाच्या माणसालाही प्रवेश आहे, फक्त त्याची वार्षिक गुंतवणूक उत्पन्नाच्या व मालमत्तेच्या प्रमाणात मर्यादित असते. व्यवहार नोंदणीकृत मध्यस्थामार्फतच करावा लागतो. हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

मराठवाड्याला सामूहिक भांडवल नवे नाही. किल्लारीचा सहकारी साखर कारखाना शेतकऱ्यांच्या भागभांडवलावरच उभा राहिला आणि अनेक वर्षे बंदही राहिला. सहकारी संस्थेचा भाग बाजारात विकता येत नाही, त्याची किंमत वाढत नाही. संस्था आजारी पडली की सभासदाची रक्कम आत अडकते. दोनशेची अट सहकाराला नाही. पण संख्येची मोकळीक मिळाली म्हणून भागधारकाला बाहेर पडण्याची वाट मिळाली, असे झाले नाही.

आजचा जवळचा पर्याय शेतकरी उत्पादक कंपनीचा आहे. तिच्या सभासदसंख्येला कमाल मर्यादा नाही. 2020 च्या केंद्रीय योजनेत प्रत्येक शेतकरी सभासदामागे दोन हजारांपर्यंत, एका संस्थेला जास्तीत जास्त पंधरा लाख रुपयांचे समभाग अनुदान ठेवले गेले. डाळमिल अशी कंपनीही काढू शकते. मात्र सभासद उत्पादकच हवा. पुण्यात नोकरी करणाऱ्या, शेती नसलेल्या किल्लारीकराला गावच्या त्या डाळमिलमध्ये दोन हजार रुपये गुंतवायचे असतील, तर तो फार तर देणगी देऊ शकतो.