वळसंगकरांनो, मोत्या-मनीची पिशवी भरली का?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत पाणी शिरलं. माणसं जीव वाचवून बाहेर पडली, पण अनेकांची जनावरं दगावली. ते मनातून जात नाही, म्हणून ही पोस्ट.

🎒 दाराजवळ पाळीव प्राण्यांसाठी एक पिशवी कायम भरलेली ठेवा. त्यात आठवडाभराचं खाणं, पाण्याची बाटली, वाटी, जादा पट्टा, चालू औषधं आणि लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. मोबाईलमध्ये प्राण्याचा ताजा फोटो हवा. गळपट्ट्यावर तुमचा नंबर पक्क्या शाईने लिहा.

🐈 घाबरलेलं मांजर नुसत्या हातांनी धरू नका, ओरबाडेल. जुनी सोलापुरी चादर अंगावर टाकून अलगद गुंडाळा आणि झाकणाच्या टोपलीत ठेवा. टोपली आधीपासूनच घरात उघडी ठेवली की त्याला तिची सवय होते.

⛓️ घर सोडावंच लागलं, तर प्राण्यांना सोबत न्या. ते शक्यच नसेल, तर निदान साखळी आणि दावं सोडा. बांधलेल्या जिवाला पोहताही येत नाही.

☀️ आपल्याकडे ऊनही संकटच. कुत्रा जोरात धापा टाकतोय, लाळ गळतेय, झोकांड्या खातोय? लगेच सावलीत घ्या, पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि डॉक्टर गाठा. बर्फ लावू नका.

📞 पशुवैद्यकीय मदतीसाठी टोल फ्री क्रमांक : १९६२. आत्ताच सेव्ह करा.

त्यांना बोलता येत नाही. त्यांची तयारी आपणच करायची.