पदवीचा आनंद आणि त्याचे वांटेकरी

मुलाचा अथवा मुलीचा प्रबंध विद्यापीठानें मान्य केल्याची वार्ता आली म्हणजे देवापुढें साखर ठेवावी, पेढे वांटावे व वडील मंडळींस नमस्कार करावा, ही आपल्या घरांतील रीत उत्तम आहे. प्राचीन काळींही विद्या संपादन केलेला शिष्य गुरुदक्षिणा देऊन मगच घरीं परते. विद्यासमाप्तीचा दिवस हा ऋणस्मरणाचाही दिवस होय. या दृष्टीनें पॅरिस येथील अशाच एका दिवसाची हकीकत आम्ही वाचकांस सांगूं इच्छितों.

२५ जून १९०३ रोजीं सॉर्बोन येथें मादाम मेरी क्यूरी यांच्या प्रबंधाची जाहीर परीक्षा झाली. विषय होता किरणोत्सर्गी पदार्थांचें संशोधन. बाईंनीं पतीच्या साहाय्यानें, एका गळक्या छपराखालीं, खनिजाचे ढीग उकळून व गाळून १९०२ सालीं अवघा एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम-क्षार हातीं आणिला होता. समोर लिपमन, बूती व म्वासां हे परीक्षक होते. प्रश्नोत्तरें संपलीं, आणि परीक्षकांनीं बहुमानपूर्वक डॉक्टर ही पदवी जाहीर केली.

श्रोत्यांत बाईंची थोरली बहीण ब्रोन्या पोलंडाहून मुद्दाम येऊन बसली होती. तिचा तेथें बसण्याचा अधिकार मोठा होता. या बहिणींच्या तरुणपणीं वॉर्सावर रशियाचें राज्य असून तेथील विद्यापीठाचीं दारें स्त्रियांस बंद होतीं. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकविणारे शिक्षक. दोघींस परदेशीं धाडण्याइतका पैसा त्यांजपाशीं कोठला? तेव्हां बहिणींनीं आपसांत ठरविलें कीं, धाकटीनें नोकरी करून थोरलीस पॅरिसला वैद्यक शिकवावें, व थोरली मार्गीं लागतांच तिनें धाकटीस बोलावून घ्यावें. त्याप्रमाणें मेरीनें कित्येक वर्षें परक्या घरीं राहून मुलांस शिकविलें व बहिणीस पैसे पाठविले. ब्रोन्या डॉक्टर झाली. तिनें शब्द पाळला, आणि १८९१ सालीं धाकटी पॅरिसला आली. वडील मात्र १९०२ सालींच निवर्तले. कन्येचा हा दिवस पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

त्या रात्रीं लांजव्हँ या शास्त्रज्ञांच्या घरीं मेजवानी झाली. पॅरिसमध्यें आलेले रदरफर्ड हेही पाहुण्यांत होते. रात्रीं अकराच्या सुमारास मंडळी बागेंत येऊन बसली, तेव्हां पतिराज पिएर यांनीं रेडियमच्या द्रावणाची एक नळी बाहेर काढली. अंधारांत ती लखलखूं लागली. ज्या वस्तूसाठीं चार वर्षें देह झिजविला, तीच त्या सोहळ्याचें भूषण झाली. परंतु त्याच उजेडांत रदरफर्ड यांस पिएर यांचे हातही दिसले. ते सुजून लाल झाले होते व दुखत होते. हा प्रताप त्या रेडियमचाच होता. पुढें १९३४ सालीं बाईंस ज्या रक्तविकारानें मृत्यु आला, त्याचेंही मूळ या किरणांतच मानितात.

आमच्या मतें या कथेंतील ती नळी फार बोलकी आहे. यशाचा प्रकाश यशस्वी माणसाच्या मुखावर तर पडतोच. पण त्यासाठीं ज्यांचे हात पोळले, त्यांच्यावरही तो पडला पाहिजे. आपल्या एकत्र कुटुंबांत भावाच्या शिक्षणासाठीं बहिणीनें पुस्तकें मिटलीं, दिराच्या फीसाठीं भावजयीनें दागिना मोडला, असें किती घरीं घडलें आहे! त्यांचें कौतुक होतें, पण त्यांची पाळी येत नाहीं. ब्रोन्यानें मात्र बहिणीची पाळी चुकविली नाहीं, आणि तिची थोरवी आम्हांस याच ठिकाणीं दिसते. म्हणून पेढे अवश्य वांटावे, परंतु त्याच संध्याकाळीं नव्या पदवीधरानें घरांतील अशा माणसाजवळ बसून विचारावें, “आतां तुला काय शिकावयाचें आहे?”